यांना ओळखता का?

लेकीसाठी परतूरचं स्थळ आल्तं. पोराच्या बापाचं कापडाचं दुकान. बायोडाटा वाचून काय कळतंय, कपाळ! माणसं बघावी लागतात. मंग घरात कुणालाच न सांगता मी बदनापूरहून रेल्वेनं गेले अन् गिऱ्हाईक बनून त्या दुकानात बसले. ढीगभर साड्या उलगडायला लावल्या. नोकराच्या हातून कापडाचा तागा पडला, तरी मालक त्याच्यावर खेकसला न्हाई. मला माणूस पसंत पडला. नाव सांगितलं न्हाई, नंबर दिला न्हाई. मोबाईल तर पर्समधून काढलासुद्धा न्हाई.

दोन-तीन दिवसांनी आमच्या ह्यांना त्या दुकानदाराचा फोन. "वहिनी दुकानात येऊन गेल्या की! सांगायचं तरी, चहा पाजला असता." ह्यांनी फोन ठेवला अन् मला समोर बसवलं.

त्यांच्या मोबाईलवर, ते फोटो टाकायचं ॲप असतंय ना, त्यात म्हणे माझा फोटो आल्ता. खाली नाव, गाव, अन् वर प्रश्न, यांना ओळखता का? अगं बाई! त्या मेल्या फोनला सांगितलं कुणी? लेक म्हणाली, "आई, लोकेशन चालू असतंय. दोन फोन एका जागी आले की ॲपच्या कंपनीला कळत असंल." कळत असंल म्हणजे? पर्सची चेन लावलेली होती.

मी माझा मोबाईल उघडला, तर तिथंही तोच प्रश्न अन् दुकानदाराचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं, तुम्हा दोघांच्या ओळखीचे एक जण. त्या एका जणाचा चेहरा बघितला अन् लगेच ओळखला. जालन्याच्या ज्या घरी लेकीचा साखरपुडा होऊन मोडला, त्या घरचा बाप. नंबर मी कधीच पुसला होता, तरी फोनच्या लेखी तो अजून माझ्या ओळखीचा!

मोडलेलं आम्ही परतूरला सांगितलं नव्हतं, अन् तिकडं त्यांनाही हाच चेहरा दिसत असणार. हुंड्यावरून आम्हीच उठून आल्तो, लेकीचा काडीचा दोष न्हाई. पण कारण कोण विचारतंय? मला रडूच आलं.

"पुसून टाक त्याला," मी लेकीला म्हणाले.

"इथून पुसीन गं. त्यांच्या मोबाईलवरून कसं पुसू?" तिनं परतूरचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "मोडलं ते माझं आहे, आई. त्यांना आपल्या तोंडून कळू दे."

पलीकडून हॅलो आलं.

"भाऊ," मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुमची चौकशी करायला आल्ते. आता आमची ऐका."