डाळ शिजणारं पाणी

अक्कलकोट रस्त्याच्या कडेचं गवत उपटायचं काम बजाबाईला बहात्तरच्या दुष्काळानंतर लागलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पुढे शहात्तर साली त्या रस्त्याला गाजरगवत माजलं. ते उपटून हातांना खाज सुटायची, कातडीला चिरा पडायच्या. ती बोटांना फडकी गुंडाळायची आणि उपटत राहायची. बसून कोण खायला घालणार होतं?

त्या पावसाळ्यात रस्त्याच्या खात्याने हुसेनसाबला पाठवलं. गरीब स्वभावाचा माणूस. गवत मारायचं एक औषध आणि गाजरगवत मारायचं दुसरं अशी दोन्ही एकत्र करून फवारायची होती. ती एकमेकांत नीट मिसळतात का, हे त्याला आधी काचेच्या बरणीत बघायचं होतं. पाणी आणायचं काम बजाबाईकडे आलं.

तिने चौकीजवळच्या विहिरीचं आणलं. हुसेनसाबने औषधं घातली, बरणी हलवून लिंबाखाली ठेवली. थोड्या वेळात दूध नासावं तसा चोथा तळाशी बसला. हे पंपात घातलं तर तोंड तुंबेल, असं तो म्हणाला. गवत उपटणाऱ्या टोळीतल्या बायकांना बरं वाटलं. औषध जमलं की टोळी मोडणार, हे मुकादमाने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

हुसेनसाबने आधीचं औषध नंतर घालून पाहिलं. पुन्हा चोथा. मग तो तिच्याकडे वळला.

"मावशी, ह्या पाण्यात डाळ शिजती का?"

शिजती म्हणावं, असं तिच्या मनात आलं. पण हात निखाऱ्यावर धरल्यासारखे भगभगत होते, आणि तो इतक्या साधेपणाने विचारत होता की खोटं तोंडात येईना.

"न्हाय शिजत. लई जड पाणी हाय. डाळीला आमी तळ्याचं आणतो."

"मग तेच आणा की."

तिनेच आणलं. बरणी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी राहिली. चोथा नाही, काही नाही. टोळीतली मथुराबाई परत जाताना वाटभर तिच्याशी बोलली नाही.

फवारणी झाली आणि टोळी मोडली. बजाबाईने हुसेनसाबला गाठलं. दुसरीकडे कुठं कामाला लावून द्या, म्हणाली. त्याने तिला चहा पाजला.

"माझं काम बरणीपुरतं, मावशी. पुढचं माझ्या हातात न्हाय."

तिने चहा संपवला, कप धुऊन ठेवला.

मग ती कुंभारी गावाच्या बाजूला खडी फोडायला जाऊ लागली. पुढच्या पावसाळ्यात पाठीवर पंप लावलेली दोन माणसं समोरच्या रस्त्याने फवारत गेली. ती हातोडी मांडीवर ठेवून बघत राहिली. खडीवरच्या मुकादमाने हाक मारली, तशी खाली वाकली.