जिभेला शहर दाखवलं

देवगाव रंगारीच्या आमच्या शाळेत रत्नमालाताई अठरा वर्षं खिचडी शिजवत होत्या. मी तिथं शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांचा त्या स्वयंपाकघरात चांगला जम बसलेला होता. ठेंगण्या, रुंद मनगटाच्या. दोनशे पोरांचं पातेलं दोन फडक्यांत धरून एकट्या चुलीवरून उतरवायच्या. सोबतीला सत्यभामा असायची. दोघी एकाच बौद्ध वस्तीतल्या, एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. सत्यभामा भाजी चिरायची आणि दिवसभर बोलायची. फोडणीला मात्र रत्नमालाताई तिला हात लावू देत नसत.

माझ्या सुरुवातीच्या काळात गावातल्या काही घरांतली पोरं घरून डबा आणायची. शाळेत कोण शिजवतं ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक होतं. माझं माहेर त्याच गावातलं, तेव्हा ती घरं कोणती हे मला वेगळं सांगावं लागत नव्हतं. त्यातलं एक माझ्या चुलत्यांचं होतं. रत्नमालाताई कधी त्यावर बोलल्या नाहीत. फोडणीचा वास वर्गात शिरला की डबेवाली पोरंच आधी चुळबुळ करायची. हळूहळू डबे कमी झाले. सगळेच बंद झाले असं मी म्हणणार नाही.

लग्नापासून त्यांना मिसरीची सवय होती. सकाळी एकदा, काम उरकल्यावर एकदा. जिभेच्या डाव्या कडेला फोड आला तेव्हा त्यांनी मध लावला, तुरटीच्या गुळण्या केल्या. मला दाखवला तेव्हा मी म्हणाले, "जीवनसत्त्व कमी पडत असेल," आणि तालुक्याहून गोळ्यांची दोन पाकिटं आणून दिली. त्या गोळ्या त्यांनी नेमानं खाल्ल्या. सात महिने गेले. मग गिळताना कानापर्यंत कळ जायला लागली, तेव्हा मुलगा सम्यक त्यांना शहरात घेऊन गेला. सम्यक वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. तपासणीसाठी तुकडा काढला, रिपोर्ट आला, आणि डॉक्टरांनी येत्या मंगळवारी भरती व्हायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन त्यांनी नेहमीसारखे तांदूळ निवडायला घेतले. मी जवळ जाऊन बसले.

"निम्मी जीभ काढणार म्हणले," त्या म्हणाल्या. "आन् हाताचं मास काढून तिथं बसवणार. तुम्ही समदे म्हणता ना, रत्नमालाच्या हाताला चव हाय. आता हाताचीच जीभ करतेत."

सत्यभामा हसायला गेली आणि पदर तोंडात कोंबून बाहेर निघून गेली.

"चव कळंल का हो मॅडम, मागून?"

"थोडीफार कळत असेल," मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

त्यांनी तांदळातला खडा उचलून बाजूला ठेवला. "मी एकच इचार करू राहिले. पन्नाशी उलटली. ह्या जिभेनं काय पाह्यलं? भाकरी, वरण, खिचडी. सटीसामाशी मटण. कुठं लग्नाला गेलं तर बुंदी. जायच्या आधी तिला काहीतरी नवं दाखवावं म्हणते. शहरात काय काय मिळतं, पोरं मोबाइलमधी दाखवतेत. आपुन तिघी जाऊ रविवारी."

मग त्यांनीच तीन पदार्थ ठरवले. एक, नान-खलिया; त्यांचे वडील तरुणपणी शहरात हमाली करायचे आणि आयुष्यभर त्याचं नाव काढायचे. दुसरं, मोमो, कारण सम्यक वाळूजच्या नाक्यावर ते खायचा. तिसरं, कुठल्याशा जाहिरातीत पाहिलेलं एक हिरवं फळ, ज्याचं नाव तिघींनाही येत नव्हतं.

रविवारी सकाळी आठच्या एसटीनं निघालो. रत्नमालाताईंनी ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं आणि त्या खिडकीशी बसल्या होत्या. कसाबखेडा, वेरूळ, दौलताबाद मागं पडलं. सत्यभामाच्या तोंडाची टकळी चालूच होती. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाची म्हैस कुठं गेली. रत्नमालाताई मान डोलवत होत्या. बोलायला त्यांना त्रास व्हायचा, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. हे मी त्या दिवशी नीट पाहिलं. म्हणजे खाणार कसं, हा विचार माझ्या डोक्यात दौलताबादच्या घाटातच आला होता. पण गाडी पुढं जात होती आणि मी काही बोलले नाही.

शहागंजमध्ये उतरून विचारत विचारत एका जुन्या मुसलमानी हॉटेलपर्यंत पोचलो. बाहेर तंदुरातून नान निघत होते, थाळीएवढे गोल, हळदी-गुळाचं पाणी फिरवून पिवळे केलेले. आत पडदा लावलेली बायकांची जागा होती. दारात माझे पाय क्षणभर अडखळले. घरी कळलं तर काय, असं मनात आलं. सत्यभामानं ते ताडलं.

"मॅडम, तुम्ही नका येऊ पायजे तर. आमी दोघी बसतो."

"नाही नाही, चला," मी म्हणाले आणि लाजेनं आधी आत शिरले.

खलिया आला. खोल वाडग्यात मटण, वर बोटभर लाल तेल. वास असा होता की रत्नमालाताईंनी डोळे मिटून घेतले आणि नाकानंच दोन-तीनदा ओढून घेतला. मग नानचा नखाएवढा तुकडा तोडला, रश्शात बुडवला आणि तोंडाच्या उजव्या बाजूनं आत सारला.

त्यांनी तो थुंकला नाही. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी निथळत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. तोंडात कुणी निखारा ठेवावा तसं त्यांचं अंग आखडलं. बऱ्याच वेळानं घोट खाली उतरला.

"अगं पाणी घे, पाणी," सत्यभामा म्हणाली. पाण्यानं आणखीच आग झाली.

हॉटेलचे मालक गल्ल्यावरून उठून आले. पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. "क्या हुआ अम्मा? तीखा लगा क्या?"

"इनके मुँह में फोड है, चाचा," सत्यभामानं तिच्या हिंदीत सांगितलं. "परवा दवाखाने में भरती है, आपरेशन है. जीभ का."

चाचांनी पाण्याचा पेला बाजूला केला. "पैले बोलना था ना. रुको, दूध लातूं." त्यांनी नानचा आतला मऊ भाग स्वतः दुधात कुस्करून एका वाटीत आणून दिला. तो रत्नमालाताईंनी चार चमचे खाल्ला. त्याला काही नान-खलिया म्हणता येणार नव्हतं. घरी आजाऱ्याला दूधपोळी देतात तसंच ते होतं.

मग त्यांनी वाडगा आमच्याकडं सरकवला.

"तुम्ही खा. आन् मला सांगा, कसं लागतं."

"नको गं, तुझ्याशिवाय कसं खावं," सत्यभामा म्हणाली.

"खा म्हणते ना. इतकं लांब आलो."

आम्ही खाल्लं. त्या आमच्या तोंडाकडं बघत होत्या.

"तिखट हाय," सत्यभामा म्हणाली.

"तिखट मला बी कळलं. त्याच्या मागं काय हाय?"

"मागं... चांगलं हाय. मस्त हाय."

"खोबरं हाय का? भाजलेलं का कच्चं? खसखस लागती का जिभेला? शेंगदाण्याचं कूट हाय का नुसता मसाला?" त्या माझ्याकडं वळल्या. "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज चव बघून लिहिता."

शाळेत पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची आणि एका वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. ते काम माझ्याकडं होतं. खरं सांगायचं तर कित्येक दिवस मी न चाखताच 'चव उत्तम' असं लिहून टाकायचे. त्यांच्या हातचं उत्तमच असणार, मग चाखायचं कशाला, असं मी मनाला सांगत असे. चाखायचे तेव्हाही दोन शितं.

मी पुन्हा एक घास घेतला. डोळे मिटले. जीव तोडून शोधलं. आलं असावं, लसूण असावा. खोबरं भाजलेलं की कच्चं? मला कळत नव्हतं. "भाजलेलं असावं," मी म्हणाले.

"असावं म्हंजी?"

"मला नाही ओळखता येत, ताई."

त्यांनी हळूच मान हलवली. राग नव्हता त्यात. पोराला पाढा येत नाही म्हटल्यावर मीही तशीच मान हलवते. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. वाडग्यात अर्ध्याहून जास्त मटण तसंच उरलं. चाचांनी बिल घेतलं नाही; सत्यभामानं खूप आग्रह केला तरी नाही. रत्नमालाताईंना ते आवडलं नाही. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "मेल्यावानी वागवायला लागले लोकं."

तिथून औरंगपुऱ्यातल्या मंडईत गेलो. एका फळवाल्याकडं ते हिरवं फळ सापडलं. "बटर फ्रूट," तो म्हणाला, "डॉक्टर लोक नेतात, ताकदीला चांगलं." त्याच्याकडून ते चिरून घेतलं. आतून फिक्कट पिवळं, लोण्यासारखं मऊ. रत्नमालाताईंनी बोटानं चिमूटभर घेऊन तोंडात ठेवलं. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

"आग नाय होत," त्या म्हणाल्या. आणखी थोडं घेतलं. मग त्यांचा चेहरा पडला. "सत्यभामा, मला काईच कळंना. गोड नाय, आंबट नाय. जीभ आजच मेली का काय माझी?"

सत्यभामानं घाईघाईनं एक फोड तोंडात टाकली, चघळली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "मेली नाय गं तुझी जीभ! ह्या मुडद्यालाच चव नाय! साबणावानी हाय!"

मी खाऊन पाहिलं. खरंच, काही चव नव्हती.

रत्नमालाताई हसल्या. तोंड उघडता येत नव्हतं म्हणून नाकातून, खांदे हलवत, पोट धरून हसल्या. मंडईतले लोक बघायला लागले. आम्हीही हसलो, सत्यभामाला तर ठसका लागला. त्या दिवसात चांगलं म्हणावं असं तेवढंच झालं. हसता हसता त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची रेघ आली. त्यांनी ती पदरानं पुसली आणि पदराची ती बाजू आत खोचली.

"मोमो निराला बाजारला मिळतात," मी म्हणाले. "वाफेवरचे असतात, मऊ. चटणीशिवाय खाता येतील."

"नको आता मॅडम. घरी जाऊ."

"अजून दोनच वाजलेत."

"दमले मी. जिभेला काय दाखवावं? आंधळ्याला लेणी दाखवल्यावानी झालं."

तीनच्या गाडीनं परत निघालो. मिटमिट्याच्या पुढं रत्नमालाताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या.

मंगळवारी भरती, गुरुवारी शस्त्रक्रिया. आत गेल्यावर डॉक्टरांना रोग वाटलं होतं त्याहून पसरलेला दिसला. जीभ निम्मीच्या जागी जवळजवळ सगळी गेली, खालच्या जबड्याचा तुकडाही गेला. डाव्या हाताचं मांस लावलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा नाकातून नळी, गळ्याला भोक, आणि मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. त्यांनी उजव्या हातानं मला बसायची खूण केली. मी बसले.

शाळेत दुसरी बाई घ्यावी लागली. दोन महिने आम्ही सांभाळून घेतलं, मग वरून विचारणा झाली. नवी बाई चांगली आहे, स्वच्छ आहे. पोरांनी आठवडाभर खिचडी अर्धी टाकली, मग ती खायला लागली. पोरांचं तसंच असतं.

रत्नमालाताई घरी आल्या. नळी निघाली, पण पातळ पेज सोडून काही जात नसे, तीही निम्मी बाहेर यायची. बोलणं म्हणजे घशातून येणारा नुसता आवाज. सम्यक म्हणाला, "आई, वाळूजला चल, खोलीवर राहू." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची; खोलीवर एकटंच पडायचं, त्यापेक्षा इथं वस्तीत बरं. सत्यभामा शाळेतून सुटली की त्यांच्याकडं जायची. उन्हाळा सरताना मानेत गाठ आली. डॉक्टरांनी पुन्हा उपचार सांगितले. या वेळी त्या शहराच्या गाडीत चढायला तयार झाल्या नाहीत. सम्यक रडला, भांडला, शेवटी कामावर निघून गेला.

त्याच सुमारास माझी बदली झाली, चितेगावच्या शाळेत. सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, हाडांचा नुसता सापळा. "ताई, माझी बदली झाली. पैठण रोडला. येत जाईन अधूनमधून," मी म्हणाले.

त्यांनी काहीतरी सांगितलं. लांबलचक वाक्य होतं, तीन-चार श्वासांचं. मला एक शब्दही कळला नाही.

"हो ताई, हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. पुन्हा सांगितलं, सावकाश, मनगटानं लाळ पुसत. मी पुढं वाकले, कान जवळ नेला. नाही कळलं. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि डोळे मिटून भिंतीकडं तोंड केलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. मला फोन दुसऱ्या दिवशी आला. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सम्यक डोकं धरून कोपऱ्यात बसला होता. सत्यभामा ओट्यावर होती. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, "शेवटी शेवटी तुला त्यांचं बोलणं कळायचं का? मला जाताना काय सांगत होत्या, तुला काही बोलल्या का?"

सत्यभामानं पदरानं तोंड पुसलं.

"मला बी कळत नव्हतं मॅडम," ती म्हणाली. "रोज जायचे मी. ती बोलायची आन् मी व्हय व्हय करायचे."

पाचला माझी गाडी होती. साडेचारला मी उठले.