काचेची डेग

त्या घटनेची आठवण आली की आधी वाळ्याचा वास येतो, माणसं मागून येतात.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. मी वसमतच्या ठाण्यात अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार. उन्हाळ्यात एके सकाळी हट्ट्याच्या दारू दुकानाचा मक्तेदार ठाण्यात आला आणि कानाशी लागून म्हणाला, "साहेब, आमच्या गावात एकजण चोरून दारू गाळून राहिला. भट्टी काचेची हाय, कुणाला दिसू नये म्हून."

दिसू नये म्हणून काचेची! मला हसू आलं, पण खबर ती खबर. दोन जवान घेऊन हट्टा गाठलं.

घर निघालं एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याचं. अंगणात खरंच काचेची भट्टी होती. पोट फुगलेलं भांडं, वर लांब मान, तिला तिरकी नळी. उन्हात ती अशी चमकत होती की जवानांचा हात लावायचा धीर होईना. भट्टी केली होती म्हाताऱ्याच्या मुलानं. तो हैदराबादला विद्यापीठाच्या विज्ञान प्रयोगशाळेत काचकाम करायचा. प्रोफेसरांना प्रयोगाला जसं भांडं लागेल, तसं हा ज्योतीवर काच मऊ करून, फुंकून घडवायचा. सुटीवर घरी आला होता.

पंचनामा करून भट्टी आणि ती घडवणारा मुलगा, दोन्ही ठाण्यात आणले. चोरटी भट्टी पंचांसमोर फोडून टाकायची, असा आमचा रिवाज होता.

"काच चोरलीस?" मी दरडावलं.

"न्हाई साब. तडकलेली भांडी फेकून देतात, ती बड्या साबांना इचारून घेतली."

"दारू किती गाळली?"

"अजून पेटवलीच न्हाई."

"मग बनवली काहून?"

"अब्बांची उमर अत्तर गाळायच्या तांब्याच्या डेगेवर गेली, साब. वाळ्याचं अत्तर आत कसं बनतं, ते त्यांनी कदी पाह्यलंच न्हाई. आता मोतीबिंदू उतरून राहिला. नजर जायच्या आत एकदा दाखवायचं होतं. मला कोंडा, पण ती फोडू नका."

असली रडगाणी मी रोज ऐकत असे. म्हटलं, "इथंच पेटव. दारू निघाली तर तुझी खैर नाही." पंच बोलावले, मक्तेदारालाही बसवलं आणि साक्षीला म्हातारा आणवला.

आवारातल्या लिंबाखाली वाळ्याच्या मुळ्या पाण्यात शिजू लागल्या. मी आच वाढवायला सांगितली, तर पोरगं म्हणालं, "काचेला घाई चालत न्हाई, साब." म्हाताऱ्याचं तोंड काचेला टेकेल इतकं जवळ. वाफ मानेत चढायची, नळीत घाम धरायचा, थेंब घरंगळायचे. दुपार कशी सरली, कळलं नाही. ठाण्यात कुणी मोठ्यानं बोलेना. कोठडीतला सराईत चोर गजांना नाक लावून डोळे मिटून बसला होता. मक्तेदार तर चक्क पेंगत होता.

उन्हं कलली आणि जमलेल्या पाण्यावर तेलाचे टिपके तरंगले. म्हातारा एकदम ओरडला, "साब, मला पिवळं दिसून राहिलं! वाळ्याचं अत्तर हिरवं असतं. गेले का माझे डोळे?"

मी वाकून पाहिलं. "पिवळंच आहे, चाचा."

"अब्बा, तो हिरवा रंग तांब्याचा," मुलगा हळूच म्हणाला. "वाळा असाच असतो."

म्हातारा थिजला. जन्मभर हिरव्या रंगाची ग्वाही देऊन अत्तर विकलेला माणूस. मला वाटलं, आता हा रडणार. तर त्यानं माझा हात घट्ट धरला. "म्हणजे डोळे बराबर हायत!" आणि हसत सुटला, हसता हसता डोळे वाहू लागले.

मग मक्तेदाराला उठवून फैलावर घेतलं. तेव्हा कळलं, कर चुकवून चोरून गाळायला असलीच भट्टी त्याला करून हवी होती आणि पोरानं नकार दिला होता. भट्टी मी सहीसलामत हट्ट्याला पोचवली.

खबर ज्याच्या तोंडून येते त्याचा रंग तिला लागलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं नोकरीभर मी खबर ऐकण्याआधी खबऱ्याची चौकशी करत आलो.

नंतर म्हाताऱ्याची नजर पुरती गेली. हट्ट्याच्या बाजारात एकदा मी त्याच्या पाठीमागून जात होतो. गिऱ्हाईक कुरकुरत होतं, अत्तर हिरवं का नाही म्हणून.

"हिरवा रंग तांब्याचा, बाबा," म्हातारा त्याला ठासून सांगत होता. "मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय."