दोघींच्या मधला मी

जपानमधल्या कावासाकी शहरात मी ब्रिज इंजिनियरची नोकरी करतो. म्हणजे एका बाजूला जपानी क्लायंट, दुसऱ्या बाजूला पुण्यातली टीम, आणि मध्ये मी. क्लायंट म्हणतो, 'हे जरा अवघड दिसतंय', की मी पुण्याला कळवतो, 'नाही म्हणतोय, सोडून द्या.' पुण्याची टीम म्हणते, 'आधीच नीट सांगायला काय झालं होतं यांना?' ते मी क्लायंटला सांगतो, 'थोडा आणखी तपशील मिळाला तर बरं होईल.' या कामात माझा हात चांगला बसलाय. हे आधी सांगतो, कारण घरी जे केलं तेही मी असंच सफाईने केलं.

इथल्या २०११च्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी मुलगी तीन वर्षांची होती. बायको तिला घेऊन दोन महिने पुण्याला माझ्या आईकडे राहिली. परतली तेव्हा मुलगी अखंड मराठी बोलत होती, तेही खड्या आवाजात. ट्रेनमध्ये समोरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणाली, 'बाबा, हे काका झोपलेत का मेलेत?' कुणाला कळलं नाही, पण अख्खा डबा आमच्याकडे बघतोय असं वाटून मी खाली मान घातली.

पाळणाघरात मात्र ती गप्प असायची. तिथल्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बायकोला तेव्हा जपानी येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. बाई म्हणाल्या, 'काही घाई नाही. घरी तुमच्या भाषेत भरपूर बोला तिच्याशी. इथलं येईल आपोआप.'

बायकोने विचारलं, 'काय म्हणाल्या?'

'घरी जपानीतच बोला म्हणतात. नाहीतर मागे पडेल.'

हे मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मुलीच्या भल्यासाठी केलं, असं स्वतःला पुष्कळदा समजावलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, त्या डब्यात वाटली तशी. बाकी काही नाही.

बायकोने ते खरं मानलं. वॉर्ड ऑफिसमध्ये दर शनिवारी जपानीचा फुकट वर्ग चालायचा, तिथे ती जायला लागली. पोटच्या पोरीशी ती पाठ्यपुस्तकातल्या आदबशीर जपानीत बोलायची, जणू घरी कुणी पाहुणी उतरलीय. भाजी चिरताना तेवढी एकटीच मराठीत पुटपुटायची, कधी मला उद्देशून, कधी कांद्याला. वर्षभरात मुलीची मराठी थांबली. मी सुटकेचा श्वास टाकला, हेही लिहून ठेवतो.

राहिला रविवारचा व्हिडिओ कॉल. आई विचारायची, 'शाळा कशी चाललीय तिची?' मुलगी जपानीत म्हणायची, 'नेहमीसारखी.' मी आईला सांगायचो, 'मजेत आहे म्हणते. तुझी फार आठवण येते म्हणते.' आईचा चेहरा फुलायचा. नातीची ही वाक्यं ती शेजारणींना सांगायची. त्यातलं एकही नातीचं नव्हतं.

मुलगी नववीत असताना एका रविवारी आई म्हणाली, 'तिला विचार, माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो का? तसं असेल तर दर आठवड्याला बळंच बसवू नकोस. मला नाही वाईट वाटायचं.'

मी मुलीला सांगितलं, 'आजी म्हणते, अभ्यास नीट कर.'

तिने माझ्याकडे पाहिलं. जपानीतच, अगदी शांतपणे म्हणाली, 'असं नाही म्हणाली आजी. आणि मीही कधी तसं म्हणत नाही. तू नेहमी तुझ्या मनचंच सांगतोस.'

स्वयंपाकघरातलं तिच्या आईचं पुटपुटणं ऐकून ऐकून तिला बरंच कळत होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. तिने फोन स्वतःकडे वळवला आणि अडखळत मराठीत म्हणाली, 'आजी. कंटाळा नाही.'

पलीकडे आई पडद्याच्या अगदी जवळ आली. मग आई म्हणाली, 'अगंबाई, असा आहे होय तुझा आवाज? इतकी वर्षं बापाच्या घशातून ऐकत होते.'

त्याच संध्याकाळी मी बायकोला पाळणाघराचं सगळं सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या थांबल्या नाहीत.

'म्हणजे बाईंनी बरोब्बर उलटं सांगितलं होतं.'

'हो.'

'आणि मी शनिवार-शनिवार क्लासला जाऊन स्वतःच्या मुलीशी बोलायला शिकले.'

पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. सहाव्या दिवशी चहाचा कप पुढे सरकवून म्हणाली, 'तुझी दुभाषेगिरी बंद. रविवारी कॉल चालू असेल त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.' माफ केलं असं तिने अजूनही म्हटलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. पण त्या दिवसापासून ती मुलीशी मराठीत बोलते. मुलगी अर्ध्यावर जपानीत घसरते, ही ओढून परत आणते. 'ए आळशी, अर्धं काय सोडलंस? पुरं कर वाक्य.'

दोन वर्षं झाली. परवाच्या रविवारी मी स्वयंपाकघरात होतो. आई नातीच्या नव्या, बारीक कापलेल्या केसांवर काहीतरी बोलली. त्यावर मुलगी स्पष्ट मराठीत म्हणाली, 'आजी, तू फार आगाऊ आहेस.' हा शब्द तिच्या आईचा. पलीकडून कॉल कट झाला.

मिनिटभरात माझा फोन वाजला, आईचा. 'ऐकलंस का? तिला सांग, आजीशी असं बोलत नाहीत म्हणावं.'

ओठावर तयार वाक्य आलं होतं: 'अगं, तिला तसं म्हणायचं नव्हतं.' पण तिला अगदी तसंच म्हणायचं होतं.

'तूच सांग ना,' मी म्हणालो, आणि फोन मुलीच्या हातात दिला.

तिने दार लावून घेतलं. आतून आधी फोनमधला माझ्या आईचा आवाज चढला, मग मुलीचा, मग दोघींचे एकदम. मी तांदूळ धुवायला घेतले. भात झाला, वाफ जिरली, तरी दोघी बोलतच होत्या.