बूथ नंबर १४३

"खंदारेबाईंना काढा. मी नाही, कागद बोलतोय," नंदू म्हणाला आणि तो कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

कागद माझाच होता.

नंदू म्हणजे तोरसकरसाहेबांचा मेहुणा आणि त्यांचा प्रचारप्रमुख. तोरसकरसाहेब मागची विधानसभा थोडक्यात हरले होते. पुढच्या वेळी उभं राहायचं, तर आधी मतदारसंघाचा सगळा निवडणूक इतिहास कागदावर हवा, असं त्यांनी ठरवलं. कुठली गल्ली कधी कुणाकडे होती, कधी फिरली, का फिरली. हे काम त्यांनी मला दिलं. मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं निवडणुकीच्या कामात गेली. आता मुलुंडला घरी बसून मतदारयाद्या आणि निकाल जुळवून देतो. मला या विषयातलं सगळं कळतं असं लोक म्हणतात, आणि तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

आमचा मतदारसंघ पूर्व उपनगरातला. पूर्वी तो पार कांजूरमार्गापर्यंत पसरलेला होता, पुनर्रचनेत आखूड झाला. रेल्वेच्या बाजूला कोकणातल्या लोकांच्या चाळी होत्या. गिरण्या बंद पडल्यावर ही माणसं इकडे आली. आता तिथे टॉवर आहेत. साहेबही तिथल्याच एका गल्लीतले, आणि ती गल्ली डोळे मिटून आपली, असं ते धरून चालत. टेकडीच्या अंगाला बौद्ध वस्ती. तिथली मुलं आज बँकेत, कुरिअरमध्ये, आयटीत आहेत. या वस्तीत साहेबांचं काम सुलोचनाताई खंदारे बघत. मूळच्या वाशीमच्या, पालिकेच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. पंधरा वर्षं त्या साहेबांसोबत होत्या.

माझ्या तक्त्यात प्रत्येक बूथची एक ओळ होती. मतमोजणी झाली की कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता निघतो, त्याला फॉर्म वीस म्हणतात. त्यात फक्त बूथचा नंबर आणि मतं असतात, गल्लीचं नाव नसतं. मी दोन निवडणुकांचे फॉर्म वीस शेजारी ठेवले. बूथ १४३, म्हणजे ताईंची वस्ती. आधीच्या वेळी साहेब तिथे भरघोस पुढे होते. मागच्या वेळी सपाट.

"पाटणकर, दोन्ही वेळा शाळा तीच ना?" साहेबांनी विचारलं.

"तीच. पालिकेचीच शाळा. मी बघितलंय."

"मग झालं तर," नंदू म्हणाला. "बाईंनी आतून समोरच्याचं काम केलं. मी तेव्हाच बोललो होतो."

बैठकीला पंधरा-वीस कार्यकर्ते होते. ताई ड्यूटीवर होत्या. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. खरं सांगायचं तर मी मनातून खूश होतो, कारण माझा तक्ता एवढं काही सांगतोय याचंच मला कौतुक वाटत होतं.

"तुम्हीच त्यांना कळवा," साहेब म्हणाले. "आकड्यांचं तुम्ही नीट समजावाल. भांडण नको."

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या घरी गेलो. बैठकीतलं बोलणं माझ्या आधीच तिथे पोचलं होतं. जय भीम झालं, चहा झाला. मी कागद उलगडला. नोकरीत अनेकांना नोटिसा दिल्या, पण घरात बसून, चहा पिऊन कधी दिली नव्हती.

त्यांनी चष्मा लावला. "हे काय?"

"तुमचा बूथ. एकशे त्रेचाळीस."

"माझा कुठला?"

"म्हणजे?"

"पाटणकरसाहेब, मागच्या वेळी मी एकशे त्रेचाळीसला बसलेच नाही. माझं टेबल एक्कावन्नला होतं. एकशे एक्कावन्न."

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर, ठरलेल्या अंतरावर प्रत्येक उमेदवाराची माणसं टेबल टाकून बसतात. पुढ्यात त्या भागाची यादी असते. मत देऊन आलेल्याच्या नावावर खूण करायची, न आलेल्याला फोन करायचा. संध्याकाळी बहुतेक जण ती यादी तिथेच टाकून घरी जातात. ताईंनी सगळ्या निवडणुकांच्या याद्या जपल्या होत्या. त्यांनी पिशवी आणून माझ्यापुढे ओतली.

मागच्या वेळची यादी मी उचलली. नावापुढे लाल पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'लग्नाला अकोल्याला.' 'डायलिसिस, रिक्षा पाठवली.' 'येतो म्हणाला, आला नाही.' एका नावापुढे होतं, 'मत दिलं, पण आपल्याला नाही.'

"हे कोण?"

"माझा सख्खा भाऊ. खोटं कशाला लिहू?"

यादीच्या पहिल्या पानावर त्या भागातल्या गल्ल्या आणि इमारती छापलेल्या असतात. वर भाग क्रमांक १५१ होता आणि खाली ताईंच्या वस्तीचं नाव. त्या निवडणुकीआधी नव्या टॉवरांच्या आवारात आठ नवे बूथ झाले होते. त्यामुळे पुढचे सगळे नंबर आठने सरकले होते. शाळा मोठी, बूथ बरेच, म्हणून शाळेचं नाव जुळलं आणि मी तिथेच थांबलो. पहिलं पान उघडायला दोन मिनिटं लागली असती. हाच धडा मी शिपायापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना वर्षानुवर्षं शिकवला होता.

"ताई, माझी चूक झाली," मी म्हणालो.

त्या याद्या पिशवीत परत भरत होत्या. "तुमची चूक झाली. नाव माझं गेलं. काल वीस माणसांत मला गद्दार म्हटलं. आज दवाखान्यातल्या बाया विचारतात, काय गं, किती मिळाले? आता हे पण वीस माणसांतच सांगा."

घरी येऊन मी अख्खा तक्ता गल्ल्यांच्या नावांवरून नव्याने जुळवला. चार दिवस गेले. ताईंची वस्ती जराही हलली नव्हती, उलट थोडी पुढेच होती. मग १४३ कुणाचा? मी त्याच्या यादीचं पहिलं पान उघडलं, आणि दोनदा वाचलं.

बैठक पुन्हा लावायला लावली. तीच माणसं, शिवाय ताई. मी उभा राहिलो आणि चूक माझी आहे, ताईंचा बूथ १५१ आहे आणि तिथे साहेब पुढे आहेत, हे सांगितलं.

"नंबरांचा गोंधळ होतोच," नंदू घाईघाईने म्हणाला. "नंबर कोण लक्षात ठेवतो? चला, पुढचा विषय."

"थांब रे," ताई म्हणाल्या. "मग एकशे त्रेचाळीस कुणाचा?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मानेने परवानगी दिली. त्यांना वाटलं असणार, दुसरं कुणीतरी सापडलं.

"साहेबांची गल्ली," मी म्हणालो. "आधी एकशे पस्तीस होता. साहेबांची स्वतःची बिल्डिंग त्यातच येते."

आपण मत देतो त्या बूथचा नंबर सहसा लक्षात राहत नाही, खोली राहते. साहेबांचंही तसंच झालं होतं.

"तिथे टेबलावर कोण होतं?" ताईंनी विचारलं.

टेबलांच्या वाटपाचा कागद माझ्याकडे होता, पण वाचायची वेळ आली नाही. सगळे नंदूकडे बघत होते. तो सकाळी टेबलावर जेमतेम अर्धा तास बसला होता आणि मग दिवसभर साहेबांच्या गाडीत फिरला होता. त्याला नंबर आठवला नाही, यावर माझा विश्वास आहे. काम केलं असतं तर आठवला असता.

साहेबांनी घसा साफ केला. "ताई, तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. मी मागे घेतो." माफीचा शब्द आला नाही, पण वीस माणसांनी हे ऐकलं. ताई म्हणाल्या, "बरं," आणि ड्यूटीवर निघून गेल्या. टेबल त्यांच्याकडेच राहिलं. नंदूचं पदही राहिलं.

तेव्हापासून तक्ता करण्याआधी मी टेबलावर बसलेल्या माणसांना भेटतो. त्यांच्याकडे पिशवी आहे का, ते बघतो.

इतिहास छापायला जाताना साहेबांनी एकच दुरुस्ती सांगितली. १४३ ची ओळ काढा. पैसे त्यांचे, प्रत त्यांची. मी काढली. ती ओळ असलेल्या दोनच प्रती आहेत. एक माझ्या कपाटात आहे. दुसरी ताईंना देऊन आलो, तेव्हा त्यांनी आधी पहिलं पान उघडून गल्ल्यांची नावं वाचली आणि मगच ती पिशवीत ठेवली.