पत्रकावरचा शेतकरी

जानराव पिंपळगाव राजा ते खामगाव जीप चालवतो. वावरात तो जातो तो हुरडा खायला. आणि तरी मागच्या दिवाळीपासून जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांच्या भिंतीवर नमुनेदार शेतकरी म्हणून चिकटलाय तो जानरावच! सोयाबीनच्या बियाण्याचं पत्रक आहे ते. डोक्यावर गुलाबी फेटा, मिशीला पीळ, हातात शेंगांनी लगडलेलं झाड, खाली नाव, गाव, मोबाइल नंबर आणि ठळक अक्षरांत 'एकरी बारा क्विंटल'. नंबर तेवढा बायकोचा, कारण जीप चालवताना हा फोन उचलत नाही.

पेरलं त्या बायकोनं, कलाबाईनं. निंदलं तिनं. पाऊस दडी मारून बसला तेव्हा स्प्रिंकलरचे पाइप ओढले तेही तिनंच. फोटोच्या दिवशी ती तिथंच घामानं निथळत उभी होती, तर कंपनीचा कुलदीप साहेब म्हणतो कसा, "ताई, जरा बाजूला व्हा, सावली पडते." घ्या! शेतकरी म्हटला की मिशी लागते, हे त्या पोराला कोणी शिकवलं? आपणच की हो, दुसरं कोण!

एकरी उतारा सात क्विंटल आला होता, तोही काळ्याभोर जमिनीत. सातचे बारा कसे झाले ते कुलदीपलाच ठाऊक. जानरावाला त्याचं काही वाटलं नाही. खामगावच्या स्टँडवर लोक "या, बारा क्विंटल!" म्हणून हाक मारायचे आणि गडी फुलून जायचा.

पेरणीच्या तोंडावर कंपनीनं अमडापूरला मेळावा ठेवला. भाषण जानरावाचं. त्या दिवशी सकाळीच कलाबाईचा फोन वाजला.

"जय भीम. बोला."

"मी सरस्वतीबाई, अमडापूरची. आज तुमचे मालक येऊन राह्यले ना इकडे? माही तीन एकर बरड हाये, बाई, निरा मुरूम. मालक गेले, आता तेवढाच आधार हाये मले. भाऊच्या तोंडून बारा ऐकलं का बॅगा घेतो."

कलाबाईनं तिला घाईनं अडवलं. "बरडावर हे बी नका टाकू, बाई. जळून जाईन."

"तुमाले काय समजते त्यातलं? भाऊ बोलतीन ते खरं." आणि फोन ठेवला.

जीपमध्ये कलाबाईनं नवऱ्याला विनवलं. "अवो, सात सांगा."

"येडी झाली का? पत्रकावर बारा अन् मी सात सांगू? लोक जोड्यानं मारतीन मले."

"अन् त्या बाईचं वावर गेलं तं?"

जानरावानं गिअर बदलला. जीप अमडापूरकडे दामटली.

मांडवात बाप्ये खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. फेटा बांधून जानराव माइकपुढे उभा राहिला. तोंड उघडणार एवढ्यात मागून एकानं विचारलं, "भाऊ, एकरी बियाणं किती टाकलं?"

सोपा प्रश्न. पण जानरावाचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. नजर भिरभिरत बायांकडे वळली.

कलाबाई उठली. "सव्वीस किलो. काळ्या जमिनीत, दोनदा पाणी देऊन. अन् झालं सात. बारा नाई."

कुलदीपचं हसू गोठलं. "ताई, तुम्हाला कोणी विचारलं? बसा खाली! भाऊ, तुम्ही सांगा, किती झालं?"

सतरंजीवर पुढंच एक बाई पिशवी छातीशी धरून जानरावाच्या तोंडाकडे डोळे लावून बसली होती. सकाळी फोन केलेली ती हीच असणार, कलाबाईनं ताडलं. आता या माणसानं बारा म्हटलं की संपलं सगळं.

"सात," जानराव म्हणाला. माइक खरखरला. "अन् तेबी हिनंच पिकवलं. मले शेतीतलं ओ का ठो समजत नाई. मी डायवर आहो."

असा हशा उसळला म्हणता! कोणी शिट्टी मारली, कोणी "बारा क्विंटल, उतरा खाली!" ओरडलं. नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहून कलाबाईला रडू फुटलं, ती खाली बसली. कुलदीपनं माइक हिसकावून घेतला. जानराव स्टेजवरून उतरला तो खुर्च्यांकडे गेलाच नाही. सगळ्यांदेखत सरळ बायांच्या सतरंजीवर आला आणि कलाबाईला खेटून बसला.

सरस्वतीबाई पिशवी सावरत उठली. दोघांपुढे येऊन उभी राहिली. जानरावाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मंग बाई," तिनं कलाबाईला विचारलं, "बरडावर काय टाकू मी?"

जानराव सरकला आणि तिला दोघांच्या मधे जागा करून दिली.