साडूंची घाई

फोल्डर उघडण्याच्या वेगात माझ्या साडूंचा हात धरील असा मनुष्य साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात निपजला नसावा. उघडलेल्या फोल्डरचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्यांना क्षुल्लक वाटे.

काचबिंदूने नजर मंदावू लागली, तुटलेला धागा दिसेनासा झाला, तेव्हा कबनूरचे यंत्रमाग विकून ते उचगावच्या घरी बसले. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा संगणक तिथे होता आणि त्यावर लिनक्स ही प्रणाली होती. हव्या त्या फोल्डरला दोन कळांचा शॉर्टकट बांधता येतो हे उमगले, त्याच दिवशी त्यांनी माउस उपटून माझ्या मेहुणीच्या शिवणाच्या डब्यात टाकला. "पावणं, त्याला धरून फरफटत न्यायचं, दाबायचं, परत दाबायचं. तवर म्हस धार देऊन मोकळी हुती की." मग विजेच्या बिलांना कळा मिळाल्या, भजनांना मिळाल्या, एका रिकाम्या फोल्डरलाही मिळाल्या. त्यात काय ठेवणार, असे मी विचारले. "उघडतंय न्हवं झटक्यात? ठेवायचं बघू की."

"दाजी, तुम्ही तरी सांगा ह्यास्नी," मेहुणी म्हणाली. "डोळ्यांत औषध घालायचं इसरत्यात आन् दिवसभर बटनं बडवत्यात."

"नजर हाय तवर बोटास्नी वाट दावून ठेवतोय," साडू म्हणाले. मी हसलो. तेवढे हसायला नको होते, असे हल्ली वाटते.

एकदा घाईत कंट्रोलची कळ जोडायची राहिली आणि मुलीच्या लग्नाच्या फोटोंचा फोल्डर नुसत्या 'क'ला बांधला गेला. नंतर कोडोलीच्या व्याह्यांना पत्र टंकायला बसले, तर 'क' उमटण्याऐवजी दर वेळी नवरा-नवरी हजर. आमच्याकडे 'की' लावल्याखेरीज वाक्याचे समाधान होत नाही. पहिल्याच परिच्छेदात पडदा फोल्डरांनी भरला. बांधलेली कळ सोडणे त्यांना कमीपणाचे वाटले. त्यांनी पत्रातूनच 'क' हद्दपार केला. 'आम्ही बरे आहोत. आपण बरे असाल. सणाला यावे.' पत्र पोहोचताच व्याही धास्तावून दारात उभे राहिले. "आमचं काय चुकलं? आख्ख्या पत्रात एक 'की' न्हाय."

गेल्या खेपेला गेलो, तेव्हा साडूंना पडद्याचा नुसता उजेड तेवढा कळत होता. मी बसतो न बसतो तोच बोटे हलली आणि लग्नाचा फोल्डर उघडला. वेग तसूभरही उणा नव्हता. मग ते खुर्चीत मागे रेलले.

"उघडलं न्हवं? आता काय दिसतंय सांगा."

"अक्षता पडताहेत. तुमचा फेटा कलला आहे."

"कललेला न्हाय. तशीच बांधणी हाय ती. पोरगी?"

ती त्यांच्याकडेच पाहत होती. त्या लग्नात मी पहिल्या रांगेत होतो. मला काही हे तेव्हा दिसले नव्हते. मी ते कसेबसे सांगितले आणि पुढचा फोटो आणायला हात पुढे केला. त्यांनी तो अलगद धरला.

"सावकाश, पावणं. ह्योच परत सांगा की. आता कसली घाई?"